काळ्या घोड्याचं गाव

एकदा एक शिष्य आपल्या गुरूच्या अंगावर धावून गेला.

अशा कथांमधला शिष्य सहसा गुरूच्या पायाशी बसतो, प्रश्न विचारतो, उत्तर ऐकून मान डोलावतो आणि समाधानाने घरी जातो. हा तसला नव्हता. एके ठिकाणी मान डोलवायला त्याने नकार दिला होता, म्हणूनच तो आपल्या गावी परतला होता. आणि त्या दिवशी गुरूच्या हातात सुरी होती, तेव्हा पायाशी बसण्याचा प्रश्नच नव्हता.

रशियाच्या उत्तरेला, एका रुंद आणि थंड नदीच्या काठी ते गाव होतं. गावात सगळं लाकडाचं. घरं लाकडाची, चिखल लागू नये म्हणून रस्त्यावर टाकलेल्या फळ्या लाकडाच्या, आणि मधोमध चर्च, तेही ओंडक्यात ओंडका अडकवून उभारलेलं. त्याचे कळस कांद्याच्या आकाराचे होते आणि त्यांवर माशाच्या खवल्यांसारखे लाकडी तुकडे बसवलेले होते. ऊन पडलं की ते चांदीसारखे चमकत. बाहेरून चांदी, आत मात्र काळोख. त्या काळोखात समोरच्या भिंतीवर तीनशे वर्षांपूर्वी फळीवर रंगवलेली एक तसबीर होती. घोड्यावर बसलेला संत, हातात भाला. संत ओळखू यायचा तो भाल्याच्या टोकावरून आणि प्रभावळीच्या सोनेरी कडेवरून. बाकी सगळं काळं. घोडा काळा, त्यामागचं आकाश काळं.

गावाला कागदोपत्री वेगळं नाव होतं, पण ते फक्त टपालवाल्याला ठाऊक. सगळे म्हणत, काळ्या घोड्याचं गाव. खानावळीच्या पाटीवर काळा घोडा. लग्नाच्या पावावर काळ्या खसखशीचा घोडा. राजधानीतल्या एका विद्वानाने येऊन तसबीर पाहिली आणि जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात एक वाक्य होतं, ‘रशियाचा आत्मा रात्रीतून घोडा हाकतो.’ ग्रंथ गावात कोणी वाचला नव्हता, पण वाक्य मात्र दारू प्यायलेल्या नावाड्यालाही पाठ होतं. आपण काळे, आपण सोशिक, आपल्याला उजेडाची गरज नाही, हे म्हणताना लोकांची छाती फुगत असे.

शिष्याची छाती सर्वांत जास्त फुगायची. एकोणिसाव्या वर्षी तो राजधानीतल्या कलाशाळेत गेला होता. तिथे तीन वर्षं त्याच्याकडून प्लास्टरच्या ग्रीक नाकांची चित्रं काढून घेतली. एक दिवस त्याने विचारलं, “आपलं काही कधी शिकवणार?” प्राध्यापक चष्म्यावरून पाहत म्हणाले, “तुमचं म्हणजे काय? लाकूड आणि मेणबत्त्या? कला ग्रीसमध्ये जन्मली, इटलीत वाढली. तुम्ही ती नीट उतरवून घ्या, एवढं पुष्कळ झालं.” शिष्याने प्लास्टरचं नाक उचलून त्यांच्या मेजावर ठेवलं आणि म्हणाला, “हे तुमचं नाक तुम्हाला लखलाभ.” मग तो शाळा सोडून गावी परतला. आईबाप बोलेनात, शेजारीपाजारी हसू लागले. तो थेट चर्चमध्ये शिरला आणि काळ्या घोड्यापुढे बसून हमसून हमसून रडला. इतका काळा रंग ग्रीसमध्ये नव्हता, इटलीत नव्हता. हा कोणाकडून उतरवून घेतलेला नव्हता. हा आपला होता.

तसबिरीची देखभाल करणारा म्हातारा चित्रकार तेव्हा तिथेच दिवे पुसत होता. त्याने पोराला रडताना पाहिलं, काही बोलला नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला हाताशी घेतलं.

पाच वर्षं गेली. लाकडाच्या व्यापारात मोठा झालेला गावातला एक व्यापारी नदीकाठी एक भवन बांधायला निघाला. देशभरची कला तिथे ठेवायची होती. त्याची अट एकच. “परदेशी खांब नकोत. पाहताक्षणी कळलं पाहिजे की हे रशियाचं.” राजधानीतल्या नामांकित वास्तुकारांनी नकाशे पाठवले, पण व्यापाऱ्याने निवडला तो शाळा सोडून आलेल्या पोराचा. ओंडके डांबराने काळे केलेले, छत बुटकं, खिडक्या इतक्या अरुंद की हात जेमतेम बाहेर निघावा. आत शिरणाऱ्याला रात्र लागली पाहिजे, असं शिष्याने लिहून दिलं होतं. आणि छताखालच्या दर्शनी त्रिकोणावर, बैलगाडीएवढा, काळा घोडा. भवन उभं राहिलं. आता फक्त घोडा वर चढवायचा बाकी होता. तो सोहळा संताच्या सणाच्या दिवशी, राजधानीच्या पाहुण्यांसमोर व्हायचा होता. ज्या प्राध्यापकाला नाक परत केलं होतं, तोही येणार होता. शिष्य त्या दिवसाची वाट जेवतानासुद्धा पाहत असे.

त्याच दिवशी त्याला आणखी एक मान मिळणार होता. दरवर्षी सणाच्या सकाळी, सगळ्या गावासमोर, गावातला ज्येष्ठ चित्रकार जवसाचं उकळलेलं तेल त्या तसबिरीवर चोळत असे. कुंचल्याने नाही, तळहाताने. फळीला ओल लागू नये, रंगाने धरून राहावं म्हणून. तळहाताची ऊब लागल्यावाचून तेल मुरत नाही, असं जुने लोक सांगत. हा मान गुरूच्या हातातून शिष्याच्या हातात जात आला होता, नऊ पिढ्या. म्हातारा ऐंशीच्या घरात आला होता. यंदा हात शिष्याचा होता.

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी तो चर्चकडे निघाला, तर पायरीवर ग्लाफिराआजी बसलेली. तसबिरीवरून दोन्ही बाजूंना सोडायचं भरतकामाचं लांब वस्त्र ती दरवर्षी नवं करायची. शेवटचे टाके चालले होते. भोवती सगळा लाल दोरा भरलेला आणि मध्ये घोड्याची जागा कोरी, पांढरी.

“आजी, पुन्हा तेच? किती वेळा सांगितलं, घोडा चुकतोय. आपला घोडा काळा.”

“मला काय कळतंय बाळा. आईने शिकवला तसा काढते.”

“मग आईने चुकीचा शिकवला.”

“तिलाही तिच्या आईनेच शिकवला होता,” म्हातारी बोळकं उघडून हसली. “आता तिला विचारायला वर जावं लागेल. जाईन लवकरच, तेव्हा सांगते तुझा निरोप.”

“थट्टा नका करू. उद्या जाणकार लोक येणार आहेत. हे वस्त्र उद्या लावू नका. घरातलं भरतकाम वेगळं आणि कला वेगळी.”

म्हातारीने दोरा दाताने तोडला. आपण हे त्या प्राध्यापकाच्या आवाजात बोललो, हे शिष्याच्या लक्षात आलं नाही.

चर्चचं दार आतून ओढलेलं होतं. त्याने ढकललं. आत गुरू शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभा होता. एका हातात स्पिरिटमध्ये भिजवलेली चिंधी, दुसऱ्या हातात सुरी. सुरीचं पातं संताच्या घोड्याच्या मानेवर होतं आणि त्याखालून काळे पापुद्रे गळून पडत होते.

“काय करताय?”

“दार लाव आधी,” गुरू मागे न वळता म्हणाला. “वाऱ्याने स्पिरिट उडून जातं.”

तेव्हा शिष्य धावून गेला. त्याने म्हाताऱ्याचं मनगट धरून पिरगळलं, सुरी खाली पडली, पाठोपाठ बाटली. म्हातारा शिडीवरून घसरला आणि भिंतीला टेकून कसाबसा उभा राहिला.

“वेड लागलं तुम्हाला? तीनशे वर्षांचा घोडा! नऊ जणांनी जपला आणि तुम्ही त्याला सुरी लावता?”

“मनगट मोडलंस तरी चालेल, त्याचं काम झालं आहे,” गुरू धापा टाकत म्हणाला. “पण आधी बघ. मग मोड.”

शिष्याने वर पाहिलं.

घोड्याच्या मानेपासून कपाळापर्यंत तळहाताएवढी जागा उघडी पडली होती. ती पांढरी होती. चुन्यासारखी नव्हे, दुधात अंड्याच्या बलकाचा एक थेंब पडावा तशी, ऊबदार. मानेच्या मागे, जिथे आकाशाची रात्र असायला हवी होती, तिथे नखभर पट्टी लाल दिसत होती. हिंगुळाचा लाल, इतका ताजा की ओला वाटावा.

त्याच्या मनात पहिल्यांदा संत आला नाही. त्याच्या मनात भवन आलं. ते काळं डांबर, त्या अरुंद खिडक्या, दोरखंडांनी बांधून तयार ठेवलेला तो बैलगाडीएवढा घोडा.

“हे काय आहे?” त्याचा आवाज चिरकला.

“घोडा. रंगवणाऱ्याने रंगवला तसा.”

“आणि काळा?”

गुरू बाकावर बसला. पिरगळलेलं मनगट त्याने दुसऱ्या हाताने धरलं होतं. “तेल सत्तर-ऐंशी वर्षांत काळवंडतं, पोरा. त्यावर मेणबत्त्यांची काजळी बसते. मग आम्ही म्हणतो, रंग मंद झाला, तेल लावायला हवं. पुन्हा तेल, पुन्हा काजळी. काळा कोणी रंगवलाच नाही.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“तुझ्याएवढा होतो. तसबिरीवर मेण सांडलं होतं, ते नखाने काढलं, तर खाली मसुराएवढा पांढरा ठिपका. मी धावत गुरूंकडे गेलो. ते रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, ‘तुलाही दिसलं? मलाही दिसलं होतं.’ आणि ठिपक्यावर तेल चोळलं. दुसऱ्या वर्षी तो मान माझ्याकडे आला.”

“म्हणजे किती वर्षं?”

“बावन्न.”

“भ्याड,” शिष्य म्हणाला.

“हो.”

“हो म्हणून सुटका नाही! तुम्ही म्हातारे लोक कबुलीसुद्धा अशी देता की ऐकणाऱ्यालाच लाज वाटावी. मी या काळ्यापुढे रडलो तेव्हा तुम्ही तिथे होतात. दिवे पुसत होतात. तेव्हा का नाही बोललात? वर्षभर मला काळा घोटायला शिकवलंत, त्यात निळा किती घातला म्हणजे तो खोल होतो ते शिकवलंत. का?”

“बोललो असतो तर तू मला विचारलं असतंस की तेल कोणाच्या हाताने लागलं,” गुरू म्हणाला. “ज्याने थर चढवला तो थर खरवडत नाही, पोरा. खरवडायला गेलं की पहिल्यांदा स्वतःचाच हात निघून येतो. आधी भीती वाटली, मग सवय झाली, मग त्या सवयीलाच मी परंपरा म्हणू लागलो. उद्या तुझा तळहात त्यात मिसळला असता. मग तूही माझ्यासारखा समजूतदार झाला असतास. म्हणून आज. तुझा हात अजून कोरा आहे, तेवढ्यात.”

एवढ्यात शिष्याला दिसलं, दारात व्यापारी उभा होता. तो किती वेळ उभा होता, कोणास ठाऊक.

व्यापारी सावकाश पुढे आला. त्याने टोपी काढली, तसबिरीकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिला. वाईट माणूस नव्हता तो. दर रविवारी पहिल्या रांगेत उभा राहायचा आणि कोणाला दिसू नये म्हणून डोळे खोकत खोकत पुसायचा.

“झाकून टाका,” तो म्हणाला.

“मालक, हे खरं आहे,” शिष्य म्हणाला.

“खरं काय ते मला नको शिकवू. माझा बाप मरताना त्याला चादरीत घालून इथे आणला होता. या काळ्या घोड्याकडे बघत त्याने प्राण सोडला. म्हणाला, ‘अंधारातून जायचंय, पण हा पुढे आहे.’ ते काय खोटं होतं?”

“त्याचं मरण खरं होतं,” गुरू बाकावरून म्हणाला. “काजळी त्याच्याच मेणबत्त्यांची होती. त्याने मेणबत्ती लावली, मी तेल लावलं. दोघांचीही भक्तीच होती, मालक. आणि दोघांनी मिळून संताला झाकून टाकलं.”

व्यापाऱ्याचा चेहरा लाल झाला. “बाहेर लोक रस्ते झाडताहेत. राजधानीचे पाहुणे उद्या सकाळी बोटीने उतरतील. त्यांना मी काय सांगू? की आमचा राष्ट्रीय आत्मा म्हणजे न पुसलेला धूर? की धुराकडे बघून मी एवढी इमारत बांधली?” तो शिष्याकडे वळला. “आणि तू, कलाकार. तुझा तो नाकवाला प्राध्यापक हसून हसून लोळेल. उद्या तेल चोळशील त्यात बशीभर काजळी कालव. कोणाला कळणार नाही. नाही कालवलीस, तर मी गावाला सांगेन की म्हाताऱ्याने संताला सुरी लावली. मग लोक त्याचे हात शाबूत ठेवतात की नाही, ते लोकांनी पाहावं.”

तो निघून गेला. शिष्य गुरूकडे पाहत राहिला. “आता सांगा. काय करू?”

“मी नाही सांगणार.”

“सांगणार कसे? बावन्न वर्षांत जमलं नाही ते आज काय जमणार?”

म्हाताऱ्याने मान खाली घातली.

शिष्य घरी गेला आणि त्याने तेलात काजळी कालवली. हे गाळून कथा सांगता आली असती, पण त्याने कालवली. त्याला गुरूचे हात वाचवायचे होते असं तो स्वतःला सांगत होता. ते अर्धं खरं होतं. उरलेल्या अर्ध्यात भवन होतं आणि प्राध्यापकाचं तोंड होतं. त्याने काजळीत चिमूटभर निळा घातला. रंग उत्तम जमला. इतका खोल काळा त्याला आजवर कधी जमला नव्हता.

सकाळी चर्च शिगोशीग भरलं. पुढे राजधानीचे पाहुणे, त्यांत प्राध्यापक, तोच चष्मा. त्यांच्या बाजूला व्यापारी. मागे नावाडी, लाकूडतोडे, डोक्याला रुमाल बांधलेल्या बाया. गुरू भिंतीशी, दोन्ही हात समोर धरून उभा होता. उघडी जागा दिसत नव्हती, कारण तिच्यावरून ग्लाफिराआजीचं वस्त्र सोडलेलं होतं. लावू नका म्हणून सांगितलं तरी म्हातारीने पहाटेच येऊन लावलं होतं.

शिष्य वाडगा घेऊन शिडीवर चढला. त्याने उजवा तळहात तेलात बुडवला. हात मनगटापर्यंत काळा झाला. काळा झालेला अंगठा फळीच्या खालच्या कोपऱ्यावर टेकवून त्याने डाव्या हाताने वस्त्र बाजूला सारलं.

आणि तो थांबला.

वस्त्राची कड आणि उघडी जागा आता शेजारी शेजारी होत्या. वस्त्रावर लाल दोऱ्यात सोडलेली कोरी मान होती, जरा मागे खेचलेली, लगाम ओढल्यावर घोडा खेचतो तशी. फळीवर हिंगुळाच्या लालात पांढरी मान होती, तितकीच मागे खेचलेली. वाक तोच. कपाळावरची झुलपी तीच, तीन बटा, मधली आखूड. फळीवरची झुलपी कित्येक पिढ्यांत कोणी पाहिली नव्हती. कालच्या दुपारी ती पुन्हा बाहेर आली होती. आणि आजीने आपलं भरतकाम तर महिन्याभरापासून मांडीवर घेतलं होतं.

“चोळ,” व्यापारी दातांतून म्हणाला.

शिष्याने वस्त्र ओढून काढलं.

आधी कोणाला कळलं नाही. मग पहिल्या रांगेतून एक श्वास आला, मग मागून आरडाओरडा. “घोड्याला काय झालं?” “कातडं सोललं संताच्या घोड्याचं!” “कोणी केलं?”

“मी,” गुरू भिंतीपासून म्हणाला आणि दोन पावलं पुढे आला.

दोन नावाडी त्याच्याकडे निघाले. त्यांतल्या एकाने बाही वर केली होती. शिष्य शिडीवरून उडी मारून मध्ये उभा राहिला आणि त्याने आपला काळा हात सगळ्यांसमोर धरला.

“थांबा! याला मारायचं तर आधी हे बघा. हा तुमचा काळा घोडा. काल माझ्या स्वयंपाकघरात तयार झाला. काजळी, तेल आणि चिमूटभर निळा. मी आत्ता तुमच्यासमोर तो चोळणार होतो आणि तुम्ही गुडघे टेकणार होतात!” त्याचा आवाज फाटत होता. “नऊ म्हाताऱ्यांनी हेच केलं. त्यांनी निदान भक्तीने केलं, मी तर लाजेने करणार होतो. आजी! ग्लाफिराआजी कुठे आहेत? पुढे या. हे वस्त्र धरा इथे. तुमच्या हाताने.”

बाया बाजूला झाल्या. म्हातारी पाय फरपटत पुढे आली. तिने वस्त्र घेतलं, फळीच्या बाजूला धरलं, डोळे बारीक केले आणि नाक जवळजवळ टेकवून पाहिलं.

“काय ओरडताय सगळे?” ती म्हणाली. “हा तर आमचाच घोडा आहे.”

बाया वस्त्राकडे पाहत होत्या. त्यांतल्या प्रत्येकीच्या पेटीत असं एक वस्त्र होतं. लग्नात आलेलं, आईच्या आईने काढलेलं, लाल भरलेलं आणि मध्ये कोरा घोडा. बाळ जन्मलं की त्यात गुंडाळायचे. चुकीचा घोडा म्हणून ते पाहुण्यांना दाखवायचे नाहीत. एक एक जण पुढे येऊन पाहू लागला. बाही वर केलेल्या नावाड्याने बाही खाली केली आणि मग ती कशासाठी वर केली होती हे आठवेना, म्हणून नुसताच उभा राहिला.

प्राध्यापकाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “हे भरतकाम कोणाचं?” त्याने विचारलं. शिष्याला त्याचं तोंड पाहायचं होतं, पाच वर्षं पाहायचं होतं. आता त्याने तिकडे पाहिलंच नाही. तो आजीकडे पाहत होता. त्याला काल आपण काय बोललो ते आठवत होतं.

“आजी,” तो म्हणाला, “तुमच्या आईला माझा निरोप नका सांगू.”

“नाही सांगत,” म्हातारी म्हणाली. “तिला राग यायचा फार.”

व्यापारी बाहेर पडला. लोकांना तो सापडला तेव्हा तो नदीकाठी, आपल्या भवनात, काळोखात उभा होता. शिष्य दाराशी थांबला. आतून आवाज आला.

“खिडक्या लहान झाल्या.”

“हो, मालक.”

“माझ्या बापाला पांढरा दिसला असता, तर काय म्हणाला असता?”

खोटं बोलायचा शिष्याला आता कंटाळा आला होता. “कुऱ्हाड मागवू का?” त्याने विचारलं.

“मागव,” व्यापारी म्हणाला.

बैलगाडीएवढा काळा घोडा वर चढलाच नाही. त्याची लाकडं त्या हिवाळ्यात चर्चच्या चुलीत गेली. तसबीर साफ करायला दोन वर्षं लागली. रोज तळहाताएवढी जागा, चिंधी आणि सुरी. गुरूचं मनगट कधी नीट बरं झालं नाही; तो बाकावर बसून फक्त सांगायचा, इथे हलका, इथे थांब, इथे सोनं आहे. शिष्याने त्याची क्षमा मागितली नाही आणि त्यालाही क्षमा केली नाही. मात्र मनगट दुखायचं तेव्हा चहाचा पेला तो स्वतः त्याच्या तोंडाशी धरायचा. आपल्या घरात काळवंडलेली तसबीर कुठली आणि पेटीत घातलेलं वस्त्र कुठलं, हे ज्याचं त्याने तेल चोळण्याआधी पाहावं.

शेवटी फक्त खालचा कोपरा उरला. शिष्याने चिंधी भिजवली, तेव्हा गुरू म्हणाला, “तो राहू दे.”

“का? काळाच ठेवायचा?”

“तो आमचा आहे. पुढच्याला कळायला नको, कोणी केलं होतं ते?”

शिष्याने जवळ जाऊन पाहिलं. जुन्या काळ्यावर एक नवा, जास्त खोल काळा ठसा होता, किंचित निळसर. अंगठ्याचा. त्याचा स्वतःचा.

त्याने चिंधी खाली ठेवली.